प्रतिगावातली पालखी

परक्या माणसांना आपला देश समजावून सांगायचं काम सरकारने माझ्याकडे सोपवलं, तेव्हा मला कोंडवणात सहा वर्षं झाली होती आणि कोंडवण मला स्वतःला समजलेलं नव्हतं. मी माणिक सोळंके, मूळचा परभणीकडचा. माझ्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी असं भारदस्त असलं तरी गावात सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. पहिल्या दिवशी सरपंचांकडे जेवायला बसलो आणि वाटीतली सोलकढी बघून तिला गुलाबाचं सरबत समजून साखर मागितली. ती गोष्ट अजून लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते. सहा वर्षांत या गावात माझी कमाई म्हणाल तर तेवढीच.

त्याच्या आदल्या साली पलूमा बेटं समुद्राखाली गेली. शेवटचा माणूस बोटीत चढतानाचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं, हळहळलो आणि जेवायला बसलो. मग भारताने त्यांतली काही हजार माणसं घ्यायचं कबूल केलं आणि किनाऱ्यावरच्या गावांना ती वाटून दिली. आमच्या वाट्याला सात कुटुंबं आली. जिल्ह्याहून माझ्याकडे ‘भारत : एक ओळख’ नावाच्या पुस्तिकांचा गठ्ठा आला. ताजमहालापासून मतदानापर्यंत सगळं त्यात होतं. आपल्याकडे पाहुण्याला देव मानतात, असंही एक वाक्य पहिल्याच पानावर होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला बॅटरीवरची एसटी तिठ्यावर येऊन थांबली. मी पुस्तिका घेऊन पुढे झालो, घसा साफ केला आणि सावकाश, सुटं सुटं बोलायला लागलो, ‘‘नमस्कार. तुमचं. स्वागत. आहे.’’

पहिल्यांदा उतरली ती तिशीची, उंच, सावळी बाई. काखेत झोपलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

‘‘भाऊसाहेबांनू, तुमी अजून हंयसरच? परभणीक बदली मागतलास म्हणान सांगी होतास मां?’’

माझ्या हातातल्या पुस्तिका खाली पडल्या. बदलीचा अर्ज मी केला होता खरा, पण ते माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं.

तिचं नाव लिओमा. तिच्या मागून उतरलेली सगळी माणसं अशीच. कोणी दुकानदाराला नावाने हाक मारून गुडघा कसा आहे विचारलं, कोणी शाळेमागच्या फणसाची चौकशी केली. गावकरी आधी चकित झाले, मग खूश झाले. पाहुणे आपल्याच मालवणीत आपल्याच माणसांची विचारपूस करतात याचं कोणाला कौतुक वाटणार नाही? लिओमा मात्र कोणापाशी थांबली नाही. मुलीला कडेवर सावरत ती थेट धुरीवाडीच्या पाणंदीला लागली. मी धावत तिच्यामागे गेलो, कारण ती कुठे निघाली होती ते माझ्या लक्षात आलं होतं. त्या वाटेने चार वर्षांत गावातलं कोणी गेलेलं नव्हतं.

पाणंदीच्या टोकाला सुलोचनाकाकींचं घर. समोर शेणाने सारवलेलं ऐसपैस खळं. लिओमा खळ्यात उभी राहिली आणि मोठ्याने हाक मारली, ‘‘काकी! आबा खंय गेले? मी इलंय!’’

सुलोचनाकाकी दारात आल्या. या अनोळखी बाईकडे त्यांनी निरखून बघितलं.

‘‘आबा गेले गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन वर्सां झाली.’’

लिओमा तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. पाहुणी म्हणून रडतात तसं नाही. घरचं माणूस गेल्यावर रडतात तशी, तोंडावर हात घेऊन. मुलगी जागी झाली आणि आईला बघून तीही रडू लागली. सुलोचनाकाकी खाली येऊन बसल्या आणि बोलू लागल्या. आदल्या दिवशी आबांच्या छातीत कसं दुखायला लागलं, डॉक्टरला कधी फोन केला, पेज कशी केली. कोकणात काय आणि आमच्याकडे काय, रीत एकच. समाचाराला कोणी आलं की आलेल्याने काही बोलायचं नसतं. घरच्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायचं असतं, येईल त्याला परत परत सांगायचं असतं, आणि सांगून सांगून ते दुःख सोसण्याइतकं हलकं होतं. काकींनी त्या दिवशी या गावात ते पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. मी पाणंदीतून मागे वळलो, कारण ते ऐकायचा हक्क माझा नव्हता.

संध्याकाळी मी पुनर्वसन विभागातल्या अन्विता कर्णिक नावाच्या इंजिनियर मुलीला फोन लावला. ‘‘अहो, या बाईने या गावात कधी पाऊल टाकलेलं नाही. ती मेलेल्या माणसासाठी रडते कशी?’’

‘‘ती तिथे आठ महिने राहिलीय, सर. प्रतिगावात,’’ अन्विता म्हणाली. मग तिने मला ते यंत्र समजावून सांगितलं. मला समजलं तेवढं सांगतो.

नव्या देशात माणूस हरवतो तो रस्ते माहीत नसल्यामुळे नाही. माणसं माहीत नसल्यामुळे हरवतो. आपल्या मेंदूत जागांचा एक नकाशा असतो. डोळे मिटूनही आपण अंधारात मोरीपर्यंत जातो ते त्याच्या जोरावर. संशोधकांना असं दिसलं की नात्यांचाही असाच नकाशा मेंदू जवळपास त्याच भागात बाळगतो. कोण कोणाच्या जवळचं, कोणाला आधी विचारायचं, कोणासमोर काय बोलायचं नाही. हा नकाशा पुस्तिका वाचून तयार होत नाही, राहूनच होतो. म्हणून त्यांनी राहण्यासाठी गाव तयार केलं.

सहा वर्षांपूर्वी, मी नवा असताना, कोंडवणातल्या बहुतेक घरांनी गळ्यात घालायचं एक बटणाएवढं यंत्र दोन वर्षं वापरलं होतं. मीही वापरलं होतं. बोललेले शब्द साठवायचे नाहीत, अशी ग्रामसभेची अट होती आणि ती पाळली गेली. ते यंत्र नोंदत होतं ते वेगळंच. कोण कोणाशी किती वेळ बोलतं, बोलताना आवाज चढतो का उतरतो, आधी कोण थांबतं, भांडणानंतर पहिलं पाऊल कोण टाकतं. बोली शिकण्यासाठी काही जणांचे आवाज वेगळे घेतले होते. या सगळ्यावरून संगणकाने कोंडवणची प्रतिकृती उभी केली. पलूमाची माणसं छावणीत रोज काही तास डोक्यावर टोप घालून तिथे राहायची. रात्री गाढ झोपेत मेंदू दिवसभराच्या वाटा पुन्हा चालून पाहतो. त्या वेळी टोपातून गावातलेच आवाज हलके ऐकवले की त्या वाटा पक्क्या होतात. आठ महिन्यांनी माणसाला आपण तिथे राहिलो असं वाटत नाही, तो तिथे राहिलेलाच असतो.

‘‘पण माझ्या बदलीचं तिला कोणी सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘कोणी नाही. तुम्ही रोज संध्याकाळी परभणीला फोनवर बोलत असाल, इथल्या लोकांत कमी मिसळत असाल. त्यावरून तुमच्या प्रतिकृतीने स्वतःच ठरवलं. शब्द आमच्याकडे नाहीत, सर. माणूस काय करेल याचा अंदाज आहे.’’

माझ्या प्रतिकृतीचा मला राग आला. ‘‘मग आबा धुरी मेल्याचं त्या गावाला कसं कळलं नाही?’’

‘‘नोंदी चार वर्षांपूर्वी थांबल्या. त्यापुढे प्रत्येकाचं प्रतिगाव आपापलं चाललं. प्रत्येकाचं वेगळं, कारण तिथे तो स्वतःही वागत असतो.’’

म्हणजे हे लोक आले होते ते चार वर्षांपूर्वीच्या कोंडवणात. आणि चार वर्षांपूर्वीच्या शिमग्यातच कोंडवण फुटलं होतं.

तो तंटा थोडक्यात सांगतो. रवळनाथाची पालखी पिढ्यान्‌पिढ्या धुरींच्या मोठ्या खळ्यात थांबायची. विश्राम आणि आत्माराम, म्हणजे सुलोचनाकाकींचे नवरे आबा, हे दोघे भाऊ वेगळे झाले, तेव्हा मानकरीपण थोरल्या विश्रामदाजींकडे राहिलं आणि वाटणीत ते खळं धाकट्या आबांकडे गेलं. शिमग्याला प्रश्न उभा राहिला. पालखी मानकऱ्याच्या दारी न्यायची की खळ्यात? कोणीच मागे हटेना. शेवटी पालखी धुरीवाडीत न येताच परत गेली, आणि दोष आला आबांच्या माथी, कारण विश्रामदाजींची बायको मनोरमाकाकी सरपंच होत्या. त्या दिवसापासून आबांच्या घरी कोणी जाईनासं झालं. वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे वाळीत कोणी टाकलं नाही. कोणी जात नव्हतं, एवढंच. आबा गेले तेव्हा मी रजेवर परभणीला होतो. खांदा द्यायला सुलोचनाकाकींच्या माहेरची माणसं आली. विश्रामदाजी परस्पर स्मशानात गेले, लांब उभे राहिले आणि तसेच परत आले. दोन्ही घरांच्या मध्ये एक चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. त्याच्या पलीकडून मनोरमाकाकी बाहेर आल्या नाहीत. आणि या दोघी जावा एके काळी एका ताटात जेवायच्या, असं म्हातारी माणसं सांगतात.

नव्या माणसांना कायम राहण्यासाठी सरकारने एक नियम केला होता. प्रत्येक कुटुंबाला गावातली दोन घरं पालक म्हणून हवीत. दोन्ही घरच्या बायकांनी किंवा पुरुषांनी एक मेच्या ग्रामसभेत शेजारी शेजारी उभं राहून सह्या करायच्या. पालक मिळाले नाहीत तर कुटुंबाची रवानगी घाटावरच्या मोठ्या छावणीत. सहा कुटुंबांनी आपली घरं सांगितली आणि त्या घरांनीही मान डोलावली. लिओमाने नावं दिली ती मनोरमा धुरी आणि सुलोचना धुरी.

मी तिला कार्यालयात बोलावून घेतलं. ‘‘बाई, दुसरं कोणतंही नाव दे. ही दोन घरं एकत्र येणार नाहीत. आगीत आणि पाण्यात एकदम पाय ठेवता येत नाही.’’

‘‘दुसरी घरा माजी नाय, भाऊसाहेबांनू,’’ ती म्हणाली. ‘‘मी पयल्या दिसाक रडी होतंय, तेव्हा एकीन माका पेज घातली आनी दुसरीन केस इंचरले. आता मी दुसऱ्याच्या दारात जावन काय सांगू?’’

‘‘ती घरं खरी नव्हती.’’

‘‘माजी पेज खरी होती,’’ ती म्हणाली. तिच्या मुलीने, नाहूने, माझ्या टेबलावरचा शिक्का उचलून स्वतःच्या तळहातावर उमटवला. लहान मुलांना टोप घालायला बंदी होती, त्यामुळे तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि गावातलं कोणी ओळखीचं नव्हतं. त्या सगळ्या टोळीत मला जवळची वाटायची ती तीच.

मी दोन्ही घरांचे उंबरे झिजवले. सुलोचनाकाकी म्हणाल्या, ‘‘पोर माजीच. सहीचो कागद घराकडे आणा, आत्ता करतंय. पन जावेच्या बाजूक उभी रवचंय नाय. तिका येवचा तर तिना हंयसर येवचा.’’ मनोरमाकाकी म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेबांनू, मी सरपंच. पोरीसाठी माजी तयारी असा. सुलोचनाक सांगा, सभेक ये. मी कशाक तिच्या दारात जावू?’’ विश्रामदाजी ओटीवर पान जुळवत बसले होते. देवापुढे तासभर गाऱ्हाणं घालणारा हा माणूस घरात तोंड उघडत नसे. आपलेच दात आणि आपलेच ओठ असतील तर माणूस काय बोलणार?

मी माझं काम करत राहिलो. नव्या माणसांना किल्ला दाखवायला नेलं तर जवळची वाट त्यांनीच मला दाखवली. धबधब्याशी शेवाळ कुठे आहे तेही त्यांनीच सांगितलं. माझं म्हणून एकच राहिलं होतं, नागरिकशास्त्र. समाजमंदिरात सगळ्यांना बसवून मी ग्रामसभा समजावून सांगितली. म्हटलं, आमच्या देशात गावाचा निर्णय एकटा माणूस घेत नाही. ठराव मांडावा लागतो, अनुमोदन लागतं, हात वर करावे लागतात, आणि पटत नसेल त्याला उठून तसं सांगता येतं. मनोरमाकाकी सरपंच या नात्याने शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या.

फेलू नावाचा एक म्हातारा कोळी उठला. ‘‘एक इचारू? सुलोचनाच्या घराकडे कोण जायत नाय. तो ठराव खंयच्या सभेत झालो?’’

मी पुस्तिकेची पानं उलटली, जसं काही उत्तर तिथे असणार होतं.

‘‘ठराव झालो नाय,’’ शेवटी मनोरमाकाकी म्हणाल्या.

‘‘मगे कोणी कोणी हात वर केल्यानी?’’

म्हाताऱ्याला कोणाला टोचायचं नव्हतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

सगळे गेल्यावर मनोरमाकाकी जागच्या उठल्या नाहीत. लिओमा चटया गोळा करत होती. काकींनी तिला हाक मारली.

‘‘गो, तुज्या त्या गावात शिमगो झालो?’’

‘‘झालो तर.’’

‘‘पालखी खंय थांबली?’’

‘‘आबांच्या खळ्यात. लोक भांडूक लागले, तेव्हा तुमीच म्हणालास, देवाची जागा बदलतत काय, न्हेवा खळ्यात. आनी मान तुमचोच रवलो. दाजींनी थंयच गाऱ्हाणा घातल्यानी.’’

मनोरमाकाकींनी दारातून फेलूला परत बोलावलं आणि त्यालाही तेच विचारलं. फेलू म्हणाला, माझ्या गावात पालखी दाजींच्या दारात गेली. सुलोचना स्वतः पुढे झाली आणि म्हणाली, थोरल्याकडे आधी. काकींनी मग एकेकाला विचारायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, विहिरीवर, दुकानात, भेटेल त्याला. कोणाच्या गावात आबांनी भावाच्या पाया पडून पालखी पलीकडे नेली होती. कोणाच्या गावात विश्रामदाजींनी गडगा ओलांडून भावाला मिठी मारली होती. एका पोरसवदा बाईच्या गावात तर दोघी जावांनी मिळून मधला गडगाच काढायला लावला आणि पालखी दोन्ही घरांच्या मध्ये ठेवली. माघार घेणारा दर वेळी वेगळा होता. माघार कोणीच घेतली नाही असं गाव मात्र एकही नव्हतं.

‘‘ह्या यंत्र गोड बोलता,’’ मनोरमाकाकी माझ्या कार्यालयात येऊन म्हणाल्या. ‘‘तेका आमका बरा दाखवचा असा. तुमच्या त्या चेडवाक फोन लावा.’’

मी अन्विताला पडद्यावर घेतलं. ती पोर प्रामाणिक होती. म्हणाली, ‘‘काकी, ते कोणाला बरं-वाईट दाखवत नाही. शेजारच्या तालुक्यात एका प्रतिगावात दोन सख्ख्या भावांची मारामारी झाली. खऱ्या गावात ते अजून एकत्र राहतात. आम्हाला लोकांची माफी मागावी लागली. तुमच्या घराच्या दोन वर्षांच्या नोंदी मी पुन्हा बघितल्या. त्यात भांडणं भरपूर आहेत.’’

‘‘आसतली. भांड्याक भांडा लागताच.’’

‘‘पण प्रत्येक भांडणानंतर दिवस मावळायच्या आत तुम्हा चौघांपैकी कोणीतरी दुसऱ्याकडे गेलंय. कधी तुम्ही, कधी त्या. एकदाही चुकलेलं नाही. संगणकाला तुमच्याबद्दल एवढंच माहीत आहे. त्यामुळे शिमग्यालाही तसंच होणार, असं त्याने धरलं. खरं तर काय झालं, काकी?’’

‘‘सगळ्यांका वाटला, दुसरो येतलो,’’ मनोरमाकाकी म्हणाल्या. आणि पदर खांद्यावर ओढून निघून गेल्या.

मला वाटलं, झालं, आता दगडाला पाझर फुटला. कसचं काय! त्या नंतर आठवडाभर घराबाहेरच पडल्या नाहीत. एक मे उजाडला तरी लिओमाच्या अर्जावर पालकांची जागा कोरी होती. छावणीकडे जाणारी गाडी दुपारी येणार होती. लिओमाने नाहूचे कपडे पिशवीत भरून ठेवले होते आणि पिशवी समाजमंदिराच्या दाराशी ठेवली होती. मला तिच्याकडे बघवेना. या गावात मी सहा वर्षं उपरा होतो, पण मला परत जायला परभणी होती. तिला परत जायला समुद्राशिवाय काही नव्हतं, आणि घर म्हणून जे आठवत होतं ते याच गावातलं होतं.

झेंडावंदन झालं, सभा सुरू झाली. मी विषय वाचत गेलो. सहा कुटुंबांचे पालक जोडीजोडीने उभे राहिले, टाळ्या पडल्या, सह्या झाल्या. फेलूला पालक मिळाले ते दुकानदार आणि शाळेचे मास्तर. म्हाताऱ्याने दोघांच्या हातावर सुकी मासळी ठेवली. मग मी सातवं नाव वाचलं.

‘‘लिओमा आणि तिची मुलगी नाहू. पालक, मनोरमा विश्राम धुरी आणि सुलोचना आत्माराम धुरी.’’

सुलोचनाकाकी सभेला आलेल्या नव्हत्या. सगळं गाव अध्यक्षांच्या खुर्चीकडे बघत होतं. मनोरमाकाकी उठल्या. मला वाटलं, आता त्या नियमाप्रमाणे अर्ज फेटाळल्याचं सांगणार. त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला, माझ्या हातात दिला, आणि पायऱ्या उतरून चालायला लागल्या.

‘‘काकी, सभा!’’ मी म्हणालो. ‘‘अध्यक्षांना असं उठून जाता येत नाही.’’

‘‘मगे तुमीपन चला,’’ त्या मागे न बघता म्हणाल्या.

उपसरपंचांना खुर्चीत बसवून सभा पुढे चालवता आली असती. पण उपसरपंच आधीच चपला शोधत होते. पाच मिनिटांत समाजमंदिर ओस पडलं आणि सगळं कोंडवण धुरीवाडीच्या पाणंदीत शिरलं. चार वर्षांत त्या पाणंदीने एवढी माणसं पाहिली नव्हती. खळ्याच्या कडेला येऊन मात्र सगळे आपोआप थांबले. विश्रामदाजीही थांबले. पुढे गेल्या त्या फक्त मनोरमाकाकी, आणि मागे अर्ज घेऊन मी.

मनोरमाकाकींनी हाक मारली नाही. खळं ओलांडलं आणि पायरीवर बसल्या. डोक्यावरून पदर घेतला, हात मांडीवर ठेवले, आणि नुसत्या बसून राहिल्या. समाचाराला आलेली बाई बसते तशा. उन्हात माझा सदरा घामाने भिजला. आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

सुलोचनाकाकी दारात आल्या. खाली बसलेल्या जावेकडे त्यांनी बघितलं. मग माझ्या हातातल्या कागदाकडे.

‘‘सहीसाठी इलंस?’’

मनोरमाकाकींनी नकारार्थी मान हलवली.

‘‘सही करतंय मी,’’ सुलोचनाकाकी म्हणाल्या. ‘‘पन आदी आयकान घे. दोन वर्सां तुका सांगूचा रवला.’’

त्या उंबऱ्यावर बसल्या. आवाज अगदी सपाट होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा.

‘‘आदल्या दिसापासून छातीत धरला होता. मी म्हटलंय, डॉक्टराक बोलवूया. नको म्हणाले. सकाळी मगे घाम सुटलो. फोन केलंय. गाडी येवक येळ होतो. पेज केलंय, दोन घोट घेतल्यानी. मगे दाराकडे बगीत रवले. बगीत रवले आनी इचारल्यानी, वैनी इली काय गो?’’



‘‘मी म्हटलंय, इली. भायर पायरीर बसलीहा. तर म्हणाले, आत बोलव, भायर कित्याक बसवलंस? मी म्हटलंय, चिखलातसून इली, हातपाय धुता हा. येतली. बरा, म्हणाले. आनी गेले.’’

मनोरमाकाकींनी पायरीवर कपाळ टेकलं आणि जो आक्रोश केला तो मी आयुष्यात विसरणार नाही. खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या विश्रामदाजींनी गडग्याचा आधार घेतला. गावातली बायामाणसं रडत होती. लिओमाने नाहूला घट्ट धरून ठेवलं होतं. मी सरकारी माणूस, मी रडायला नको होतं.

सुलोचनाकाकींचे डोळे मात्र कोरडे होते. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, जावेला उठवायला. पण तो हात माझ्याकडे आला होता.

‘‘खंय करूची ती सही?’’

मी जागा दाखवली. त्यांनी मांडीवर कागद ठेवून नीट, एकेक अक्षर सुटं काढत नाव लिहिलं. मनोरमाकाकींनाही पेन दिलं, जागा दाखवली. दोघी शेजारी शेजारी उभ्या मात्र नव्हत्या, एक उंबऱ्यावर आणि एक पायरीवर होती. मी नियमाचं तोंड बंद केलं आणि सही साक्षीने झाल्याचा शेरा मारला.

कागद माझ्या हातात देऊन सुलोचनाकाकी उठल्या. आत गेल्या आणि पाण्याची कळशी घेऊन आल्या. ती त्यांनी मनोरमाकाकींच्या पायांशी ठेवली.

‘‘ऊठ गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हातपाय धू आनी आत ये.’’